पातीच्या कांद्यापासून सुरुवात करा

भाजीच्या उरलेल्या देठा-मुळांपासून घरीच पुन्हा भाजी उगवायची आहे? मग पहिल्याच दिवशी खिडकीत पाण्याचे दहा पेले मांडू नका. एकच भाजी घ्या, पातीचा कांदा. चिरताना मुळांकडचा दोन-तीन सेंटिमीटर पांढरा भाग राखायचा आणि पेल्यात उभा करायचा. पाणी मुळं बुडतील इतकंच. कांदाही बुडाला की बुळबुळीत होतो, वास मारायला लागतो. पाणी एक दिवसाआड बदला. थोड्याच दिवसांत मधोमध हिरवा कोंब वर सरकलेला दिसेल. दोन-तीन कापण्यांनंतर मात्र पात बारीक होत जाते, कारण साठवलेलं अन्न संपतं आणि नुसत्या पाण्यात पोषण कुठलं? म्हणून मुळं लांबली की सरळ कुंडीत लावून टाका.

पुदिन्याची काडी पाण्यात ठेवताना खालची पानं काढा, पेरं बुडू द्या. मुळं तिथूनच फुटतात. कोंब आलेली लसणाची पाकळी टोक वर करून मातीत खोचली की झालं. गाजराच्या कापलेल्या टोकाला फक्त पाला येतो, गाजर नाही, व्हिडिओत काहीही दाखवोत!

आणि खरं सांगू? पैसे पेल्यांपेक्षा फेकणं थांबवल्याने जास्त वाचतात. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या वाटून टाका, फ्लॉवरचे दांडे बारीक चिरून भाजीत घाला. उरलेली सालं-देठं धुऊन फ्रीजरच्या डब्यात साठवा, डबा भरला की उकळून सूपसाठी पाणी काढा. त्यात हिरवट पडलेल्या बटाट्याची सालं मात्र नकोत, त्यांत सोलॅनिन हा विषारी घटक असतो आणि तो उकळल्याने जात नाही.