व्याध: तारा की नक्षत्र?

प्रश्न असा आला आहे: एका बातमीत ‘व्याध नक्षत्र’ असं छापलं होतं, दुसरीकडे त्यालाच ‘लुब्धक’ म्हटलं होतं. यातलं बरोबर कोणतं, आणि हे दोन निराळे तारे आहेत का?

तारा एकच. आणि तो ताराच, नक्षत्र नव्हे. सूर्य सोडला तर आकाशात याच्याइतका तेजस्वी तारा दुसरा दिसत नाही, तरी सत्तावीस नक्षत्रांत त्याचं नाव नाही. मृगाच्या शेजारी असल्यामुळे लोक त्यालाही नक्षत्र म्हणून टाकतात. ‘व्याधाचा तारा’ किंवा नुसतं ‘व्याध’ म्हणावं.

‘व्यध्’ म्हणजे भोसकणं, त्यावरून व्याध, म्हणजे पारधी. ‘विद्ध’ आणि वेधशाळेतला ‘वेध’ याच कुळातले. ‘लुब्धक’ हा ‘लुभ्’वरून, सावजाची हाव असलेला. अमरकोशात हे दोन्ही शब्द एकमेकांचे पर्याय म्हणूनच येतात.

नाव पडलं ते ‘ऐतरेय ब्राह्मण’ या वैदिक ग्रंथातल्या कथेवरून. प्रजापती मृगाचं रूप घेऊन रोहिणीच्या मागे लागला, देवांनी उभ्या केलेल्या रुद्रस्वरूपानं त्याला बाण मारला. तो बाण ‘त्रिकांड’, तीन पेरांचा. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमाराला दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. मृगाच्या पोटातले एका ओळीतले तीन तारे म्हणजे तो बाण. ती ओळ डावीकडे खाली वाढवली की व्याध, उजवीकडे वर वाढवली की तांबूस रोहिणी. बाण मारणारा, बाण आणि जिच्यासाठी हे सगळं घडलं ती, तिघं जवळजवळ एका रेषेत! ही कथा ताऱ्यांकडे बघतच रचली गेली, याबद्दल मला शंका नाही.

खरा घोटाळा भाषांतरात होतो. आपण ज्या ताऱ्यांत मृग पाहतो, त्यांतच ग्रीकांना ओरायन हा शिकारी दिसला, आणि आपला पारधी त्यांच्याकडे कुत्र्याचा तारा झाला. म्हणून ‘शिकारी’ शब्द दिसला की काही जण ओरायनलाच व्याध करून मोकळे होतात. तसं करू नये. ओरायन म्हणजे मृग, सिरियस म्हणजे व्याध. सिरियस ज्या तारकासमूहात आहे त्याला मराठीत ‘बृहल्लुब्धक’ म्हणतात, त्यामुळे एकट्या ताऱ्यासाठी ‘व्याध’ राखून ठेवला तर वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. ‘व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे’ हे वाक्य चालेल. ‘बृहल्लुब्धक ८.६ प्रकाशवर्षांवर आहे’ हे चुकीचं, कारण त्या समूहातले काही ठळक तारे शेकडो, हजारो प्रकाशवर्षं दूर आहेत.

जाता जाता, ‘व्याधी’चा या व्याधाशी संबंध नाही. तो शब्द ‘वि + आ + धा’ असा बनला आहे.