पॅक फाइल फोडायला शिकताना

प्रिय मित्रा,

गेमच्या फाइल्स उलगडणारं टूल स्वतः लिहायचं ठरवलंयस, तर सुरुवात ‘क्वेक’ या गेमच्या पॅक फॉरमॅटपासून कर; पॅक म्हणजे गेमच्या अनेक फाइल्स एकत्र ठेवणारी एक मोठी फाइल. तो १९९६ सालचा. त्यात कॉम्प्रेशन नाही, एन्क्रिप्शन नाही, आणि इंजिनाचा, म्हणजे गेम चालवणाऱ्या प्रोग्रामचा, सोर्स कोड १९९९ पासून जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला आहे. अडलं की थेट तिथेच बघ. गेममधले नकाशे आणि आवाज मात्र त्या परवान्यात येत नाहीत, ते वाटत सुटू नकोस.

कोडला हात लावण्याआधी हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे बाइट थेट दाखवणाऱ्या एडिटरमध्ये, एक पॅक फाइल हाताने तयार कर. सुरुवातीला १२ बाइटचं हेडर: चार बाइट ‘पी ए सी के’ या अक्षरांचे, चार बाइट अनुक्रमणिका कुठे सुरू होते त्याचे, चार तिच्या लांबीचे. आकडे लिटल एंडियन, म्हणजे सगळ्यात लहान किमतीचा बाइट आधी. समज, आत पाच बाइटची एकच टेक्स्ट फाइल आहे. तिचा मजकूर १२व्या ऑफसेटला (ऑफसेट म्हणजे फाइलच्या सुरुवातीपासूनचं अंतर, शून्यापासून मोजलेलं) सुरू होतो, अनुक्रमणिका १७व्याला. हेक्समध्ये १७ म्हणजे ११, म्हणून हेडरमध्ये ११ ०० ०० ०० येईल. लांबी ६४, म्हणून ४० ०० ०० ००. अनुक्रमणिकेत नोंद एकच: ५६ बाइट नावाला (उरलेली जागा शून्यांनी भर), ४ ऑफसेटला, ४ आकाराला. सगळं मिळून फाइल बरोबर ८१ बाइट भरली पाहिजे. कमी-जास्त भरली तर आधी नावानंतरची शून्यं मोज.

नावात शेवटचं शून्य धरून ५६, म्हणजे वापरायला ५५च. फोल्डरचा मार्गही त्यातच बसवायचा. त्या शून्यापुढे कधी कधी कचरा उरलेला असतो, तो वाचू नकोस.

अनुक्रमणिका बहुतेक वेळा शेवटी सापडते, कारण मजकूर लिहून झाल्यावरच सगळे आकार कळलेले असतात. पण ती शेवटीच असेल असं गृहीत धरू नकोस. हेडर सांगेल तिथे जा. लांबीला ६४ने पूर्ण भाग जात नसेल तर फाइल नाकार. ऑफसेट अधिक आकार अशी बेरीज करून तपासलंस तर आकडे मोठे असताना ३२ बिटांत ती उलटून छोटी होते आणि खराब नोंद चाळणीतून निसटते. त्यापेक्षा ऑफसेट फाइलच्या लांबीत बसतो का ते आधी बघ, मग उरलेल्या जागेत आकार मावतो का ते बघ. नावात दोन टिंबं आणि स्लॅश दिसला तर ती नोंद डिस्कवर उतरवूच नकोस, नाहीतर अनोळखी फाइल तुझ्या फोल्डरबाहेर लिहून जाईल.

यानंतर ‘डूम’ या गेमचा वॅड, म्हणजे त्याची तशीच एकत्रित फाइल, घे. तो १९९३चा, म्हणजे जुना, तरी जास्त फसवा. नोंद १६ बाइटची, नावाला फक्त आठ. नकाशातल्या रेषांच्या नोंदीचं ‘लाइनडेफ्स’ हे नाव रोमनमध्ये नेमकं आठ अक्षरांचं, त्यामुळे शेवटी शून्य नसतंच. शून्य सापडेपर्यंत वाचत राहिलास तर पुढच्या नोंदीत घुसशील. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची: ‘थिंग्ज’, ‘सेक्टर्स’ ही नावं प्रत्येक नकाशात पुन्हा येतात. कुठली कोणत्या नकाशाची, हे फक्त क्रमावरून कळतं, आधीच्या शून्य आकाराच्या खुणेच्या नोंदीवरून. नावाप्रमाणे डिक्शनरीत (एका नावाला एकच जागा देणाऱ्या तक्त्यात) भरलंस तर शेवटचा नकाशा तेवढा उरेल, आणि प्रोग्राम कुठेही एरर देणार नाही. म्हणून इथे यादीच ठेव, तीही मूळ क्रमाने. सरावाला ‘फ्रीडूम’चा वॅड वापर, तो खुल्या परवान्याचा आहे.

‘क्वेक ३’चा पीके३ म्हणजे नाव बदललेली झिपच. झिप वाचायला तयार लायब्ररी घे. स्वतः लिहायचंच असेल तर आतल्या प्रत्येक फाइलआधी येणाऱ्या स्थानिक हेडरमधल्या आकारांवर विसंबू नकोस, तिथे शून्य असू शकतं. शेवटच्या ६५,५५७ बाइटांत समाप्तीची नोंद शोध आणि मध्यवर्ती अनुक्रमणिकेवरून चाल.

मॉड, म्हणजे गेममध्ये तू केलेला बदल, तयार करून गेममध्ये दिसेना, तर बहुधा क्रम चुकलेला असतो. मूळ ‘क्वेक’ पॅक०, पॅक१, पॅक२ असं ओळीने उघडतं, एक आकडा सापडला नाही की तिथेच थांबतं. पॅक१ नसताना तुझं पॅक२ ते बघणारच नाही. एकच नाव दोन पॅकमध्ये असेल तर मोठ्या आकड्याचं चालतं, आणि फोल्डरमध्ये सुटी ठेवलेली फाइल पॅकच्या मागे पडते. नावं रोमन लहान अक्षरांत आणि सरळ स्लॅशने (/) लिही. विंडोजवर चाललेलं लिनक्सवर अडतं ते बरेचदा मोठ्या-लहान अक्षरांमुळे.

टूल चालू लागलं की त्या ८१ बाइटच्या फाइलच्या चार प्रती कर. एकीत ऑफसेट फाइलबाहेरचा टाक, दुसरीत अनुक्रमणिकेची लांबी ६५ कर, तिसरीचा शेवटचा बाइट काप, चौथीत नावाचे सगळे ५६ बाइट भर. चारही नाकारताना कोणती नोंद आणि का, हे टूलने सांगितलं पाहिजे.

तुझा,
एक हितचिंतक