शेवटचा काळ जवळ आला म्हणून ऑफिसात सगळ्यांना शुभवर्तमान सांगायलाच हवं का?

तुम्ही लिहिलंय की चर्चच्या मंडळीतले एक काका उपासना संपली की पत्रकांचा गठ्ठा हातात देतात, इस्राएलातलं युद्ध, भूकंप, महागाई बोटांवर मोजून दाखवतात आणि म्हणतात, 'वेळ उरलेला नाही, ऑफिसातल्यांना सांगितलं नाहीस तर त्यांचं रक्त तुझ्या माथी.' तेव्हापासून तुम्हाला धड झोप नाही. असं कर्तव्य खरंच आहे का, हा तुमचा प्रश्न.

कर्तव्य आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण असा प्रश्न आला की 'श्रद्धा ज्याची त्याच्यापाशी' म्हणून बगल द्यायची पद्धत पडली आहे. सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, ही येशूची आज्ञा आहे. ती पाळकांपुरती नाही. माझी हरकत काकांच्या घाईला आहे.

प्रेषितांची कृत्ये, पहिला अध्याय काढा. शिष्य नेमकं काकांचंच विचारतात: प्रभूजी, राज्य याच काळात येणार का? येशू सांगतो, काळवेळ जाणणं तुमच्याकडे नाही, ते पित्याने आपल्या हाती ठेवलंय. तुम्ही माझे साक्षी व्हाल, यरुशलेमेपासून पृथ्वीच्या शेवटापर्यंत. सातवं आणि आठवं वचन. एकाच दमात तारीख काढून घेतली आणि काम दिलं. काका मत्तय २४:१४ दाखवतील, की शुभवर्तमान सगळीकडे पोचलं की शेवट होणार. जरूर दाखवू देत. मग त्याच अध्यायातलं छत्तिसावं वचन तुम्ही त्यांना वाचायला द्या: तो दिवस देवदूतांनाही ठाऊक नाही, पुत्रालाही नाही. यूट्यूबवरच्या पास्टरांना कुठून कळला, देव जाणे.

तारखांचा इतिहास फार केविलवाणा आहे. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकरी प्रचारकाने बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकातल्या २३०० दिवसांची वर्षं करून हिशेब मांडला आणि शेवटी त्याच्या चळवळीने येशूच्या पुन्हा येण्यासाठी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस पक्का केला. कित्येकांनी शेतातलं पीक काढलंच नाही. दिवस उजाडला, मावळला. पुढे शेजारीपाजारी त्यांना रस्त्यात गाठून विचारायचे, 'अजून इथेच? वर गेला नाहीत?' अलीकडचं उदाहरण अमेरिकेतल्याच रेडिओ-प्रचारक हॅरॉल्ड कॅम्पिंगचं. १९९४ साली एकदा तोंडघशी पडूनही त्याने रेडिओवरून २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली. न्यूयॉर्कच्या एका निवृत्त वाहतूक कर्मचाऱ्याने आयुष्यभराच्या बचतीतले १,४०,००० डॉलर त्या जाहिरातींवर घातले. मार्च २०१२ मध्ये कॅम्पिंगने पत्र लिहून तारीख सांगणं पाप होतं असं कबूल केलं; त्या कर्मचाऱ्याचे पैसे काही परत आले नाहीत. आणि २२ मेच्या सकाळी त्याच लोकांनी येशूचं नाव काढलं असतं, तर कोण ऐकणार होतं?

आपल्याकडे हे व्हॉट्सॲपवर चालतं. सप्टेंबर २०२२ मध्ये टेक्सासहून पाच लाल कालवडी इस्राएलात नेल्या (बायबलातल्या शुद्धीकरणाच्या विधीला लाल कालवड लागते, म्हणून काही जण ती शेवटाची खूण मानतात), तर त्यांचे फोटो आमच्या मंडळीच्या ग्रुपवर आठवडाभर फिरत होते. कोविडच्या लशीच्या वेळी, हा ६६६ चा, म्हणजे प्रकटीकरणातल्या श्वापदाचा शिक्का म्हणून एका आजोबांना घरच्यांनी लस घेऊ दिली नव्हती. त्याच ग्रुपवर कोणी आजारी असल्याचा निरोप आला तर खाली चार हात जोडलेले इमोजी, बस्स.

खुणाच मोजायच्या तर १८९६-९७ सारखं साल शोधून सापडणार नाही. देशभर दुष्काळ, मुंबई-पुण्यात प्लेग, जून ९७ मध्ये आसामचा महाभूकंप. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातली जवळजवळ सगळी यादी. त्या वर्षी पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, दुष्काळात होरपळलेल्या शेकडो मुली-बायका घेऊन आल्या आणि पुण्याजवळच्या केडगावला त्यांची सोय लावली. शाळा, शेती, विणकाम, छापखाना, पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल. प्रभूच्या येण्यावर त्यांचा विश्वास होताच. पण केडगावात शुभवर्तमान ऐकलेल्या मुलीने ते पोटात दोन घास गेल्यावर ऐकलं.

आता ते रक्ताचं. हे वचन यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या तेहतिसाव्या अध्यायातलं, पहारेकऱ्याचं: संकट येताना दिसूनही त्याने इशारा दिला नाही, तर मेलेल्यांचं रक्त त्याच्या माथी. काकांनी ते हवेतून आणलेलं नाही, तेव्हा झटकून टाकू नका. पण तो पहारेकरी स्वतः होऊन बुरुजावर चढलेला नाही, त्याला नेमलेलं आहे. आणि अकराव्या वचनात देव म्हणतो की दुष्टाच्या मरणाने मला संतोष होत नाही. काकांच्या आवाजात ते अकरावं वचन ऐकू येतं का, बघा. हीच भाषा पुढे प्रेषित पौल वापरतो. इफिस शहरातल्या मंडळीच्या वडीलधाऱ्यांना निरोप देताना तो म्हणतो, कोणाच्याही रक्ताचा दोष माझ्यावर नाही. कशाच्या जोरावर? कृत्ये २० वाचा: तीन वर्षं त्यांच्यात राहिला, घरोघरी शिकवलं, आसवं गाळली, स्वतःच्या हातांनी कष्ट करून पोट भरलं. पत्रक टेबलावर ठेवून सटकण्याने माणूस रक्ताच्या दोषातून मोकळा होतो, असं पौलाने कुठेही म्हटलेलं नाही.

ऑफिसात काय करायचं, यावर माझा अनुभव सांगतो. मी बँकेत होतो. डबा उघडण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करायचो. समोरच्या टेबलावरचे सहकारी, पक्के वारकरी, एकदा म्हणाले, 'रोज पुटपुटता काय हो?' मी सांगितलं. त्यांनी तुकोबांचा अभंग म्हटला, मी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा. त्या दिवशी दोघांचीही भाजी गार झाली. काही वर्षांनी त्यांच्या पत्नीचं ऑपरेशन होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी आपणहून फोन केला, 'तुमच्या येशूला सांगा जरा.' मग फोनवरच प्रार्थना केली आणि मी येशूकडे का वळतो, तेही प्रथमच सविस्तर सांगितलं. ते ख्रिस्ती झाले नाहीत, अजून वारीला जातात. काका याला साक्ष म्हणणार नाहीत. न म्हणोत.

कायद्याचंही ध्यानात असू द्या. संविधानाच्या कलम २५ ने धर्माचा प्रसार करायचा हक्क दिला आहे. पण १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. शिवाय तुमच्या हाताखालच्या ज्युनिअरला पत्रक दिलंत तर तो नाही कसा म्हणणार? प्रेषित पेत्राने आपल्या आशेचा जाब सौम्यतेने द्या म्हटलंय, आणि विचारणाऱ्याला द्या म्हटलंय.

काकांशी वाद घालू नका, त्यांची कळकळ खरी असेल. गठ्ठ्यातली ज्यांवर तारखा, ६६६ किंवा लाल कालवडी आहेत ती पत्रकं सरळ परत करा. ज्यांत उधळ्या पुत्राची गोष्ट किंवा योहानाचा तिसरा अध्याय नुसता छापलाय, त्यांतली दोन-चार पर्समध्ये असू द्या, कोणी मागितलं तर द्यायला.