डोनरच्या टी-पेशी घेण्याआधी डॉक्टरांना काय विचारावे

फोंड्याच्या ताई, तुमच्या भावाला धाकट्या बहिणीचा बोनमॅरो दिला, दुसऱ्याच महिन्यात सीएमव्ही या अंगात दबून राहणाऱ्या विषाणूने डोके वर काढले, त्यावरच्या गॅन्सायक्लोव्हिर औषधाने पांढऱ्या पेशी घसरल्या. आता मुंबईचे डॉक्टर बहिणीच्या टी-पेशी (विषाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) देऊ म्हणतात, आणि त्याने जीव्हीएचडी, म्हणजे डोनरच्या पेशींचा रुग्णाच्याच शरीरावरचा हल्ला, भडकेल ही तुमची भीती. रक्तपेढीत नोकरी काढलेला माणूस म्हणून सांगतो.

तुम्ही वाचलेय ते डोनरच्या लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यांत येतात त्या पांढऱ्या पेशी) सरसकट देण्याबद्दलचे. 1994 साली न्यूयॉर्कला ईबीव्ही या दुसऱ्या विषाणूने होणाऱ्या गाठींवर तसे केले. गाठी विरघळल्या, पण जीव्हीएचडीही मागे लागला. आता त्या गर्दीतून सीएमव्हीला ओळखणाऱ्या पेशीच निवडतात किंवा लॅबमध्ये वाढवतात. धोका पुष्कळ कमी होतो, शून्य नाही. डोस पाहून निराश होऊ नका, काही मिलिलिटरच असतो. विषाणू समोर आला की त्या आतच वाढतात. ईबीव्हीसाठी दिलेल्या, पुढे ओळखता याव्यात म्हणून खूण केलेल्या पेशी काही रुग्णांत 9 वर्षांनीही सापडल्या आहेत. फरक दिसायला मात्र आठवडे जातात, तोवर औषधे चालूच.

बहिणीला पुन्हा कमरेत सुई नाही. हातातून रक्त, फार तर काही तास मशीनवर. पण तिला गाडीत बसवण्याआधी तिचा जुना सीएमव्ही आयजीजी रिपोर्ट (हा विषाणू पूर्वी येऊन गेला का ते सांगणारी रक्ततपासणी) शोधा. आपल्याकडे मोठ्या माणसांत तो बहुधा पॉझिटिव्हच असतो. निगेटिव्ह असेल तर तिच्या शरीराने हा विषाणू पाहिलेलाच नाही, मग त्याला ओळखणाऱ्या पेशी आणायच्या कुठून? अशा वेळी अनोळखी डोनरच्या, अर्धवट एचएलए (पेशींवरची, डोनरशी जुळवून पाहतात ती ओळख) जुळणाऱ्या साठवलेल्या पेशी वापरतात. त्या सहसा तेवढ्या टिकत नाहीत.

हमखास गुण येईल असे कोणी म्हटले तर सावध राहा. युरोपने डिसेंबर 2022 मध्ये टॅबेलेक्ल्युसेल या तयार टी-पेशींच्या उपचाराला मान्यता दिली, पण ती ईबीव्हीच्या आजारासाठी. अनेक विषाणूंवर एकदम चालावे म्हणून बनवलेल्या पोसोल्युसेल या टी-पेशींच्या शेवटच्या टप्प्यातल्या तिन्ही चाचण्या डिसेंबर 2023 मध्ये यशाची आशा नाही म्हणून थांबवल्या. तेव्हा हे उपचार ट्रायलमध्ये आहेत का, खर्च कोणाचा, हे लेखी घ्या.

(गणेश चवथीला भावाला घरी आणू का, असेही विचारलेत. यंदा नको. पाहुण्यांची वर्दळ आणि माटोळीच्या (गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या) ओल्या पाल्यावरची बुरशी, दोन्ही त्याला झेपणार नाहीत.)

आणि स्टेरॉइड. त्याने या पेशी मरतात, म्हणून बऱ्याच ट्रायलमध्ये प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज किलोमागे 0.5 मिलिग्रॅमच्या वर असलेला रुग्ण घेतच नाहीत. भाऊ 60 किलोचा असेल तर रोजचे 30 मिलिग्रॅम. आज तो किती घेतोय आणि कधी कमी करता येईल, हे राउंडला पहिल्यांदा विचारा.