काट्याचं तोंड कुणाकडे?

नोव्हेंबर आणि एप्रिल, म्हणजे कॉलेजांच्या सबमिशनचे दिवस. या दोन महिन्यांत माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसणारी निम्मी मुलं एकच वाक्य बोलतात. "मला स्वतःचं असं काही सुचतच नाही." कुणी फॅशन डिझाइनचं असतं, कुणी पीएचडीच्या विषयापाशी अडकलेलं. सगळ्यांत जास्त येतात ती आर्किटेक्चरची. गावातून नागपूर-अमरावतीला शिकायला गेलेली, शनिवारच्या एसटीने परत येणारी. काखेत शीट्सची लांब नळी आणि डोळे तीन रात्री जागलेले. मागोमाग आई किंवा बाबा, आणि त्यांचा ठरलेला प्रश्न, "मॅडम, कोर्स बदलून टाकायचा का?"

सबमिशनच्या आठवड्यात कोणताही निर्णय घ्यायचा नाही, हे मी त्यांना पायऱ्यांवरच सांगून टाकते.

माझी समुपदेशनाची खोली तालुक्याच्या गावात, मेडिकलच्या दुकानावर. एकोणीस वर्षं झाली. खिडकीखालून कापसाच्या गाड्या जिनिंगकडे, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याकडे, जातात आणि हंगामात खिडकीच्या जाळीला रुईचे पुंजके चिकटतात. ते काढायचं मी सोडून दिलं आहे.

वैष्णवी अशाच एका शनिवारी आली. (नाव बदललंय, काही तपशीलही, हे लिहायला तिची परवानगी आहे.) आर्किटेक्चरचं तिसरं वर्ष. घरी तीन एकर कोरडवाहू. बाबा तेवढं सांभाळून दुसऱ्यांकडे मजुरीला जातात, आई हंगामात कापूस वेचायला. शिष्यवृत्तीवर शिकणारी, बारावीला तालुक्यात नाव काढलेली मुलगी. आणि आता आठवडाभर जेवण धड नाही, बोलणं नाही.

वर्गाला दिलेला प्रकल्प असा होता. अख्ख्या वर्गाला एकच संकल्पना, ‘वजन’. तिच्याभोवती प्रत्येकाने एक संग्रहालय उभं करायचं. जागा आपली, विषय आपला, कल्पना मात्र सगळ्यांची एक. चंद्रपूरच्या मुलाने कोळसा घेतला. भंडाऱ्याच्या मुलीने पितळेची भांडी घेतली. नागपूरच्या एकाने शाळेच्या दप्तरांचं संग्रहालय काढलं, आणि त्याच्या पहिल्याच स्केचला सर "वा" म्हणाले.

"सगळ्यांचं ठरलं मॅडम. मी तीन आठवड्यांपासून नुसती पानं फाडून रायली."

तिची वही मी पाहिली. ती रिकामी नव्हती, उलट गच्च भरलेली होती. बर्लिनचं ज्यू म्युझियम, २००१ साली उघडलेलं, ज्यात वास्तुकार लिबेस्किंडने इमारतीच्या पोटात मुद्दाम रिकाम्या पोकळ्या सोडल्या आहेत. साबरमतीचं गांधी स्मारक संग्रहालय, १९६३, चार्ल्स कोरियाचं, सहा मीटर बाय सहा मीटरच्या साध्या चौकोनांतून वाढवत नेलेलं. ही सगळी माहिती मला तिच्याकडूनच मिळाली, आणि सांगताना तिचा आवाज स्वच्छ होता. अडखळत होती ती ‘माझं’ हा शब्द आला की.

इथे मी एक चूक केली, ती सांगून टाकते. तिला उभारी यावी म्हणून मी माया लिनची गोष्ट सांगितली. येल विद्यापीठातली एकवीस वर्षांची विद्यार्थिनी. १९८१ साली वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाच्या खुल्या स्पर्धेत चौदाशेवर प्रवेशिकांमधून तिचा आराखडा निवडला गेला, आणि त्याच कामाला वर्गात तिला ‘बी’ मिळाला होता. मला वाटलं, पोरीचा चेहरा उजळेल.

"येल कुठं अन् येळाकेळी कुठं, मॅडम," ती म्हणाली.

दोघीही हसलो, पण तिचं म्हणणं बरोबर होतं. बुडणाऱ्याला ऑलिंपिकच्या जलतरणपटूची गोष्ट सांगून काही उपयोग नसतो. पालकांनो, शेजारच्या मुलाचं पॅकेज सांगताना तुम्हीही हेच करत असता.

भूतकाळ उकरत बसणाऱ्यांतली मी नाही. आज डोक्यात कोणतं वाक्य फिरतंय ते पकडायचं आणि त्याच्याकडे पुरावा मागायचा, ही माझी शाळा. वैष्णवीच्या डोक्यात वाक्य होतं, "चुकलं तर सगळे हसतील." त्यावर आम्ही चार-पाच बैठका घालवल्या. हसले तर पुढे काय, आजवर किती जण हसले, वगैरे. ती शहाण्या मुलीसारखी सगळं मान्य करायची, आणि पुढच्या शनिवारी तशीच कोरी यायची.

मग मी तिला वर्ध्याला पाठवलं, मगन संग्रहालयात. ग्रामोद्योगांचं हे संग्रहालय गांधीजींच्या हस्ते १९३८ साली सुरू झालं. आमच्याकडच्या शाळांच्या सहली सेवाग्रामला जातात, इथे कमी वळतात. सांगितलं, फोटो काढायचे नाहीत. एका वस्तूपाशी बसायचं आणि येताना एक वाक्य आणायचं, ज्यात एक आकडा असेल आणि ‘मला वाटतं’ नसेल. ‘मला वाटतं’ने सुरू होणारं वाक्य मन हवं तसं फिरवतं. आकड्याला मात्र जागेवर बसावं लागतं. ही युक्ती मला कोणत्याही पुस्तकात सापडलेली नाही, माझी मीच बसवलेली आहे, म्हणून जरा लाडकी आहे.

पुढच्या शनिवारी ती वाक्य घेऊन आली.

"शंभर किलो कापूस जिनिंगमध्ये टाकला, तर रुई निघते चौतीस-पस्तीस किलो. बाकी सरकी. म्हणजे मॅडम, चरख्यावर जे येते ना, ते माह्या आईनं उचललेल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाचं असते."

तीन महिन्यांत पहिल्यांदा ‘माह्या’ हा शब्द न अडखळता आला होता.

"आई किती उचलते?"

ती गप्प झाली. टेबलावरचं पेपरवेट उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. मग सांगायला लागली, तेही माझ्याकडे न पाहता.

ती तिसरीत होती. दिवाळीच्या सुट्टीत आईबरोबर वेचायला जायची. सकाळी बोंडांवर दव असतं आणि ओला कापूस वजनाला जास्त भरतो, म्हणून शेतमालक ऊन चढल्याशिवाय शेतात उतरू देत नसे. बाया धुऱ्यावर बसून राहायच्या. मग कमरेला ओटी बांधून संध्याकाळपर्यंत वेचणी. शेवटी बाभळीच्या फांदीला काटा लटकवायचा, त्याच्या हुकाला एकेकीचं गाठोडं. काट्याची तबकडी मालकाच्या माणसाकडे असायची. बाया दुसऱ्या बाजूला, गाठोड्याला हात लावून उभ्या. त्यांना काट्याची पाठ दिसायची. तो आकडा सांगायचा, वहीत लिहायचा.

त्या दिवशी ही पोरगी खेळता खेळता त्या माणसाच्या बाजूला गेली. नुकतीच अंकलिपी पक्की झालेली, दिसेल तो आकडा मोठ्याने वाचायचं वय. आईचं गाठोडं लटकलं. तो म्हणाला, "वीस." ही ओरडली, "तेवीस!"

"मग?"

"कोणीच काही बोललं नाही. त्यानं वहीत तेवीस लिहिलं. आईनं मले दंडाले असा चिमटा घेतला, की चार दिवस निळं होतं." तिने बाही वर करून जागा दाखवली, जणू डाग अजून तिथे आहे. "दुसऱ्या दिवशी त्यानं आईले सांगितलं, तुमचं काम नाही. तो अख्खा हंगाम आईले दोन कोस लांब जा लागलं."

सिनेमात इथे नायिका रडते आणि सगळं उलगडतं. वैष्णवी रडली नाही. मीच गडबडले, कारण माझ्या हातात जी किल्ली होती ती या कुलपाची नव्हती. तरी नेहमीचा प्रश्न विचारला.

"त्या दिवशी तू चुकलीस का?"

"नाही. तेवीसच होतं."

"मग ज्युरीत, परीक्षकांसमोर, बोलताना भीती कशाची वाटते? चुकण्याची?"

बराच वेळ खाली कापसाची गाडी वळण घेत होती, तिचा आवाज येत राहिला.

"चुकली असती तर आईचं काम गेलं नसतं, मॅडम," ती म्हणाली. "बरोबर होती म्हणून गेलं."

मी पेन खाली ठेवलं. चार-पाच बैठका मी चुकण्याच्या भीतीशी कुस्ती खेळत होते, आणि समोर बसली होती बरोबर असण्याची भीती. दोन्ही बाहेरून अगदी सारख्या दिसतात. तीच कोरी पानं, तेच "सुचत नाही". पण एकीला धीर देऊन भागतं, दुसरीला धीर दिला की ती आणखी आत जाते. "तू नक्की बरोबर असशील" हे वाक्य वैष्णवीला धमकीसारखं ऐकू येत असणार. एवढ्या वर्षांनी हे मला एका विशीतल्या मुलीने शिकवलं, आणि हे मला ऐकू आलं याचं, खोटं कशाला बोलू, समाधानही वाटलं.

त्यानंतरचं काम सोपं होतं, कारण ते तिनेच केलं. मी एवढंच विचारलं की तेव्हा आकडा बोलण्याची किंमत आईचं काम होती. आज ज्युरीत आकडा बोललीस तर कुणाचं काम जाणार? ती विचार करून म्हणाली, "कोणाचंच नाही. फार तर माह्ये मार्क." तिला मी गृहपाठ दिला, रोज वर्गात एक आकडा मोठ्याने सांगायचा. भिंतीची जाडी, पायरीची उंची, काहीही.

जी मुलं आणि पालक हे वाचताहेत, त्यांच्यासाठी इथे थोडं थांबते. "सुचत नाही" या दोन शब्दांच्या कुरकुरीखाली बहुतेक वेळा तीनांपैकी काहीतरी असतं. झोप नसते, हे सगळ्यांत जास्त. सलग तीन रात्री जागलेल्या मेंदूला काहीच सुचत नाही, त्याला समुपदेशकाची नाही, गादीची गरज आहे. नाहीतर दिवसभर फोनवर इतरांची कामं पाहून स्वतःचं सगळं बेचव झालेलं असतं. आणि आमच्या गावाकडच्या मुलांत तिसरंच आढळतं. सुचलेलं असतं, पण ते ‘कल्पना’ या नावाला लायक वाटत नाही. कोळसा, पितळ, बर्लिन या कल्पना. काटा, ओटी, धुरा हे नुसतं घरचं. एकच संकल्पना चाळीस जणांना दिली की वेगळेपण आणायचं कुठून, असं मुलं विचारतात. अरे, ‘वजन’ हा शब्द तुला आयुष्यात पहिल्यांदा कुठे भेटला, तिथूनच. तिथे तुझ्याबरोबर दुसरं कुणी नव्हतं.

पालकांनी "झालं का?" विचारू नये. "काय केलं, दाखव" म्हणावं, आणि दाखवलं की निदान पाच मिनिटं पाहावं. समजलं नाही तरी चालेल. मात्र जेवण सुटलंय, पोर खोलीबाहेर येत नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलतंय, तर सबमिशन वगैरे विसरा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. शंका आली की त्याच दिवशी लावा.

वैष्णवीचं संग्रहालय असं झालं. दाराशी प्रत्येकाच्या कमरेला ओटी बांधतात, त्यात पाच किलो कापूस. ती घेऊन लांब रॅम्प चढायचा. उतार एकास बारा, हा तिने वर्गात मोठ्याने सांगितलेला पहिला आकडा. बाजूच्या भिंती पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, कुडाच्या, मातीने लिंपलेल्या, वर कवेलू. पहिल्या दालनात एक भलामोठा काटा, पण त्याची पाठ पाहणाऱ्याकडे. तुमचं गाठोडं मोजलं जातं, आकडा पलीकडे कुणीतरी वाचतं, तुम्हाला फक्त ऐकू येतो. आणि शेवटच्या दालनात तोच काटा, तबकडी दोन्ही बाजूंना. तिथे वाचून दाखवायला कुणी नाही.

ज्युरीला मी अर्थातच नव्हते. संध्याकाळी फोन आला.

"सरांनी विचारलं, पऱ्हाटीले आग लागली तर? मी लिंपणाची जाडी सांगितली. मग बाहेरून आलेल्या मॅडमनी मॉडेल पाहिलं. म्हणे, शेवटच्या काट्याची सुई तेवीसवर काऊन चिकटवली? शून्यावर पाहिजे ना."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, तेवीसच होतं."

मार्क पडले शंभरपैकी बासष्ट. प्रसाधनगृहं कमी आहेत आणि सामानाच्या गाडीला वळायला जागा नाही, असा शेरा. दप्तरवाल्याला एक्क्याऐंशी. ती दोन दिवस चिडलेली होती, आणि मला ते चिडणं ऐकून बरं वाटलं.

मॉडेल एसटीतून गावी आणताना कवेलूंचा एक कोपरा मोडला. घरी बाजेवर ठेवलं. आईने हात पुसले, वाकून सगळ्या दालनांतून पाहिलं, कोणता भाग कशाचा ते विचारलं नाही. शेवटच्या काट्यापाशी थांबली. हुकाला सुपारीएवढं कापसाचं गाठोडं दोऱ्याने लटकवलेलं होतं.

"असं नाही बांधत वं," म्हणाली, "सुटते हे." आणि गाठ सोडून नीट मारून दिली.