केमो चालू असताना किडनी कशी जपायची? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

ठाण्यात मी किडनीविकारतज्ज्ञ म्हणून रुग्ण पाहते. केमोसाठी परळच्या टाटाला किंवा खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकला जाणाऱ्या घरांतून मला येणारे प्रश्न वर्षानुवर्षं तेच आहेत, आणि बहुतेक वेळा ते आठवडाभर उशिरा येतात. काहींची उत्तरं इथे देते. प्रत्येकाचं वय, वजन आणि औषध वेगळं असतं, म्हणून हे वाचून घरच्या घरी डोस बदलू नका.

बाबांना सिस्प्लॅटिनच्या दिवशी तासन् तास सलाईन चालू असतं. एवढं पाणी किडनीला झेपेल का? (वर्तकनगर)

ते सलाईन किडनीसाठीच आहे. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध 1978 पासून वापरात आहे आणि किडनीला होणारा त्रास ही त्याची पहिल्यापासूनची अडचण. रक्तातून बाहेर पडताना किडनीच्या नलिकांमधल्या पेशी हे औषध आत ओढून घेतात आणि ते तिथे साचतं. लघवी भरपूर होत राहिली की ते पुढे वाहून जातं. त्यासाठी सलाईन, आणि त्यातच बहुधा मॅग्नेशियम. घरी लवकर पोहोचायचं म्हणून सिस्टरना बाटली जोरात सोडायला सांगू नका. बाबांचं हृदय कमजोर असेल, पायांवर सूज असेल, तर ते मात्र सुई टोचण्याआधी सांगा.

आई ऐरोलीहून ठाण्याला येऊन पुढे परळची लोकल पकडते. वाटेत लघवी लागेल म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही. चालेल का?

नाही, आणि केमोच्या दिवशी तर अजिबात नाही. लोकलमध्ये शौचालय नसतं, तेव्हा त्यांची भीती खरी आहे. बायका हे कोणाला सांगतही नाहीत, म्हणून तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. घरातून अर्धा तास लवकर निघा, ठाण्याला गाडी बदलताना शौचालयात जाऊ द्या आणि घोट घोट पाणी देत राहा. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांना बसता येतं, कागद जवळ ठेवा. दिवसभरात किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आईचं क्रिएटिनीन 1.1 आहे. रिपोर्टवर हिरवी खूण आहे, म्हणजे किडनी ठीकच ना? वय 68, वजन 42 किलो. (सानपाडा)

हिरव्या खुणेवर जाऊ नका. क्रिएटिनीन स्नायूंतून तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते, म्हणून किडनी बिघडली की रक्तात ते वाढतं. आजारात माणूस झडला की स्नायू जातात आणि किडनी बिघडलेली असतानाही आकडा छान दिसतो. तुमच्या आईंची किडनी मिनिटाला किती रक्त गाळते, त्याचा हिशेब मांडते. 140 वजा 68 म्हणजे 72, त्याला 42 ने गुणलं की 3024. त्याला 72 (हा सूत्रातला ठरलेला आकडा, वयाशी संबंध नाही) आणि क्रिएटिनीनच्या 1.1 च्या गुणाकाराने भागायचं आणि स्त्री असल्यामुळे 0.85 ने गुणायचं. उत्तर येतं मिनिटाला साधारण 32 मिलीलिटर. तरुण, निरोगी माणसात हा आकडा शंभरच्या आसपास असतो.

कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधाचा डोस किडनीच्या या गाळण्याच्या वेगावरूनच ठरतो. हाडांसाठी दिलं जाणारं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड 60 च्या खाली कमी करावं लागतं आणि 30 च्या खाली सहसा देतच नाहीत. सत्तर तपासण्यांचं स्वस्त पॅकेज विकणारी लॅब हे सांगत नाही. पुढच्या केमोआधी हा आकडा कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा आणि किडनीच्या डॉक्टरांनाही एकदा भेटा.

शहाळ्याचं पाणी चालेल का? (नौपाडा)

रक्तातलं पोटॅशियम नॉर्मल असेल तर चालेल. वाढलेलं असेल तर नाही.

वडिलांना (61) सिस्प्लॅटिन दिलं, नंतर पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन झालं. तीन दिवस उलट्या होत्या. कंबर फार दुखायला लागली म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणल्या, पाच दिवस दोन वेळा घेतल्या. बीपीची टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी एकत्र असलेली नेहमीची गोळी चालू होती. बाराव्या दिवशी क्रिएटिनीन 0.9 वरून 2.4. केमोमुळे किडनी गेली का? (कळवा)

एकट्या केमोवर ढकलू नका. तुम्ही गोळीचं नाव नंतर कळवलंत, त्यात अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल आहे. दुकानदार म्हणाला, "पॅरासिटामॉलच आहे हो, साधी." ती साधी नाही.

प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक बारीक नळी असते आणि बाहेर नेणारी दुसरी. आत दाब टिकला तरच रक्त गाळलं जातं. उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं की शरीर स्वतःच तो दाब सांभाळतं. आणणारी नळी प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांनी उघडी धरतं आणि नेणारी आवळून घेतं. वेदनाशामक गोळीने प्रोस्टाग्लँडिन तयार होणं थांबतं, म्हणून आणणारी नळी आकसते. टेल्मिसार्टनने नेणारी नळी सैल पडते. लघवीची गोळी उरलंसुरलं पाणी बाहेर काढते. या तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या, आणि त्याही सिस्प्लॅटिनने आधीच दुखावलेल्या किडनीवर. एरवी तुमच्या वडिलांना ही गोळी कदाचित पचली असती. त्या आठवड्यात पचणं कठीण होतं.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक ही सगळी एकाच घरातली. केमो चालू असताना यांतली एकही गोळी चिठ्ठीशिवाय घेऊ नका. दुखणं सोसा असं मी म्हणत नाही. त्या इंजेक्शनाने हाडं दुखतात, कॅन्सरचं दुखणं तर त्याहून वाईट, आणि त्यावर किडनीला झेपतील अशी औषधं आहेत, लागलं तर मॉर्फिनसुद्धा. किडनीचा आकडा बघून कोणतं आणि किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. फोन करायला संकोच वाटतो म्हणून लोक मेडिकलच्या काउंटरवर जातात, याचं मला फार वाईट वाटतं. नुसती पॅरासिटामॉलसुद्धा आधी ताप मोजून, विचारूनच घ्या. ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर असेल तर गोळीने दाबू नका, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा.

"केमो म्हटली की उलट्या होणारच" हे वाक्यही मी रोज ऐकते. सिस्प्लॅटिनच्या उलट्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा उसळतात, त्यासाठी औषधं असतात. दिवसभर पाणी टिकत नसेल, लघवी कमी किंवा गडद होत असेल तर त्याच दिवशी कळवा. बीपीची आणि लघवीची गोळी त्या दिवसांत घ्यायची का, तेही तेव्हाच विचारा. मनाने बंद करू नका.

2.4 खाली येऊ शकतं. पण पुढच्या सायकलची तारीख यायची वाट पाहू नका, वडिलांना उद्याच दाखवा.

उलट्यांसाठी मेडिकलमधून संत्र्याच्या चवीचं तयार पाकीट आणलं. तेच ओआरएस ना? (घणसोली)

पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र छापलेलं असेल तरच. त्यात लिटरमागे 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं. बाकीची गोड पेयं ओआरएसच्या नावावर वर्षानुवर्षं विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध दीर्घ लढा दिला, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर हा शब्द वापरायला मनाई केली. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. त्यात पोटॅशियम असतं, तेव्हा क्रिएटिनीन वाढलेलं असेल तर आधी विचारा.

मिस्टरांना नात्यातल्या एकांनी लक्ष्मणफळाचा रस आणि "किडनी साफ करणारा" काढा दिला आहे. झाडपाल्याने अपाय तर होणार नाही ना? (खारघर)

होऊ शकतो. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करायला चिनी वनौषधींच्या कॅप्सूल घेतलेल्या कितीतरी बायकांच्या किडन्या निकामी झाल्या. त्यात अरिस्टोलोचिया ही वनस्पती मिसळली गेली होती. पुढे त्यांतल्या काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला. कमरखाच्या रसातल्या ऑक्झलेटनेही किडनी बंद पडते. लक्ष्मणफळाने माणसांचा कॅन्सर बरा झाल्याचा पुरावा नाही. काढ्याच्या बाटलीवर घटकांची पूर्ण यादी नसेल तर तो घरात ठेवूही नका. यादी असेल तर बाटलीच डॉक्टरांना दाखवा. नातेवाईक रागावले तर माझं नाव सांगा.

केमोनंतर लघवी लाल झाली. (कोपरी)

डॉक्सोरुबिसिन असेल तर तो औषधाचाच रंग, एक-दोन दिवसांत जातो. सायक्लोफॉस्फमाइड किंवा आयफॉस्फमाइड असेल तर ते रक्त असू शकतं, लगेच दाखवा. कोणतं औषध दिलं ते डिस्चार्ज कार्डावर असतं.

सिस्प्लॅटिनच्या तीन सायकल झाल्या. सासूबाईंच्या पायात रात्री पेटके येतात, बोटांना मुंग्या येतात. तेल चोळतो आहोत. (नेरूळ)

मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम तपासा. उद्या सकाळीच.