वाचकांचे प्रश्न : ध्यानात मन टिकत नाही

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकरी आहे. रोज पहाटे अर्धा तास ध्यानाला बसतो. परंतु दहा श्वासही होत नाहीत तोच मन कापसाच्या भावाकडे जाते आणि पायांना मुंग्या येतात. काय करावे?

उत्तर : आपण आरंभीच अर्धा तास धरलात, हेच जड झाले. पहिला पंधरवडा सात-आठ मिनिटेच बसावे. गोधडीची चौपदरी घडी घालून तिच्या कडेवर अशी बैठक घ्यावी, की गुडघे कमरेपेक्षा खाली राहतील. मुंग्या बहुधा तेवढ्यानेच कमी होतात, अन्यथा खुर्चीवर बसण्यात कमीपणा नाही. श्वास लांबवू नये, रोखू नये. आत येताना नाकपुडीच्या कडेला लागणारा गारवा आणि बाहेर जातानाची ऊब एवढेच पाहावे व प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा, असे १ ते १० मोजावे. भाव आठवून आकडा चुकला, तर पुन्हा १ पासून. डवरणीत (उभ्या पिकातील कोळपणीत) बैल ओळीबाहेर सरकला म्हणून आपण वावर सोडून घरी येत नाही, कासरा हलकेच ओढतो. भटकल्याचे लक्षात येणे हाच अभ्यासाचा गाभा आहे, असे मी मनापासून मानतो. इगतपुरीच्या १० दिवसांच्या विपश्यना शिबिरातही पहिले तीन दिवस केवळ श्वासच पाहतात.

आठवडाभर बैठक स्थिर राहिली, की २ मिनिटे वाढवावीत. गुरुकुंज मोझरीच्या, म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या आश्रमाच्या, परंपरेतील सामुदायिक ध्यान आपल्या गावात पहाटे होत असेल, तर तेथे अवश्य बसावे. चार जणांत मधूनच उठण्याचा मोह कमी होतो.